मायक्रोवेव्हच्या पोटाला चंदेरी रंग

मढच्या कोळीवाड्यात धर्मा नाखव्याने रंग लावला नाही अशी वस्तू शोधायला कुणी निघालाच, तर संध्याकाळी हात हलवत परत येईल. होड्यांचं सोडा, तो त्याचा धंदाच. पण देवळाचं दार, पाण्याच्या टाक्या, पोरांचे क्रिकेटचे स्टम्प, ख्रिस्ताव आळीतल्या एका अंगणातला झोपाळा, सगळ्यांवर धर्माचा हात फिरलेला. कारण एकच. डब्यात रंग उरला की त्याला चैन पडत नसे. "उरलेला भात आनि उरलेला रंग टाकायचा नसतो," असं तो म्हणायचा. भात तो स्वतः खायचा आणि रंग गावाला लावायचा.

एकदा तिथल्या एका बंगल्यात शूटिंग होतं. त्या लोकांना किनाऱ्यावर एक जुनी, कळा गेलेली होडी हवी होती. त्यांनी धर्माची हेरली आणि उद्या सकाळी येतो म्हणून सांगून गेले. धर्माने विचार केला, आपली होडी अख्ख्या देशात दिसणार आणि ती अशी मळकी? जो भिडला तो अंधार पडेस्तोवर उठला नाही. सकाळी साहेब येऊन बघतो तर होडी हिरवीगार, पिवळा काठ, वर झेंडूची माळ. साहेबाने डोक्याला हात लावला. "ओ काका, वाट लावलीत! मला जुनी पाहिजे होती."

"जुनीच पायजे तर दोन वर्सं थांबा," धर्मा म्हणाला. "दर्या करून देईल."

असा हा माणूस. आता सत्तरीला टेकलेला. गुडघे कुरकुरायला लागले तशी होडी पुतण्याच्या हवाली केली. बायको सुलक्षणा जाऊनही बराच काळ लोटला. मुलगा कृणाल आणि सून नेत्रा मालाडला उंच इमारतीत राहतात, दोघंही नोकरीवाले. मढच्या घरात धर्मा एकटा. म्हणजे आपला म्हणायला एकटा. भिंतीला भिंत लावून चुलतभावाची बायको अंजनाबाई राहते. सुकी मासळी विकणारी, मालाडच्या बाजारात जिच्या आवाजाला गिऱ्हाईक आधी घाबरतं आणि मग दोन वाटे जास्त घेतं. ती सकाळी बाजारात असते तेव्हा धर्मा जेटीवर असतो. ती दुपारी परत येते तेव्हा तो जेवायला घरी येतो. तिच्या घरचं कालवण याच्या घरी आणि याचं पाणी भरून ठेवलेलं पिंप तिच्या घरी, असा जुना रिवाज.

धर्माच्या नाकाचंही सांगायला हवं, कारण पुढचं सगळं महाभारत त्या नाकानेच घडवलं. त्याचा बाप होड्या रंगवणारा. तो पोराला शिकवायचा, "रंग आधी डोल्याला सुकतो, मंग बोटाला. नाकाला सुकला तरच सुकला म्हन." धर्माचं नाक असं की झाकलेल्या टोपलीवरून जाताना आत कोळंबी आहे की करंदी हे सांगेल. पण काही वर्षांमागे एक मोठा ताप आला, त्यात धर्मा वाचला आणि नाक गेलं. म्हणजे जागच्या जागी राहिलं, पण कामातून गेलं. फुलाचा वास नाही, मासळीचा नाही, काही नाही. पहिले काही महिने तो आशेवर होता. मग लोक विचारून विचारून कंटाळले की "नाक आलं काय रं?", आणि सांगून सांगून हा कंटाळला. एक दिवस त्याने ठोकून दिलं, "आलं." विषय संपला.

विषय कसला संपतो! एका दुपारी त्याने चहाचं आधण ठेवलं आणि ओसरीवर जाळं विणत बसला. आधण उतू जाऊन गॅस विझला. आत गॅस भरत होता आणि हा पठ्ठ्या ओसरीवर गुणगुणत गाठी मारत होता. अंजनाबाई बाजारातून आली, डोक्यावरची पाटी तशीच अंगणात टाकून आत धावली, खटका बंद केला, खिडक्या उघडल्या आणि मग बाहेर येऊन तिने धर्माला जे काही सुनावलं ते ऐकायला आळी गोळा झाली.

"मना सर्दी झाली व्हती," धर्मा म्हणाला.

कृणालच्या कानावर ते गेलंच. तो आला आणि सिलिंडर उचलूनच घेऊन गेला. पुढच्या खेपेला आपल्या घरातला जुना मायक्रोवेव्ह घेऊन आला, फळीवर ठेवला आणि बापाला म्हणाला, "बाबा, ऐक. हे चालतंय तोवर तू इथं राहा. हे बिघडलं की बॅग भरायची आणि मालाडला यायचं. गॅस परत येणार नाही."

"आनि मी नाय आलो तर?"

"मग मी नोकरी सोडून इथं येऊन बसतो. चालेल?"

पोराचं खोटं नव्हतं. पण मालाडचं घर धर्माला ठाऊक होतं. सून गुणाची, हातात ताट देणारी. घर कसं, पाय ठेवायला भीती वाटावी इतकं स्वच्छ. तिथे दोन दिवस गेले की तो खिडकीशी उभा राहून भरती कितीला असेल याचा हिशेब मांडायचा. इथे जेटीवर गेलं की कुणी ना कुणी हाक मारतो, "नाखवा, हा लाल लावू का तो लाल?" तिथे त्याला कोण विचारणार? आणि विचारलं तरी लाल लावणार कशाला?

तेव्हा ती मायक्रोवेव्हची पेटी चालली पाहिजे, एवढंच आता धर्माच्या जिवाला लागून राहिलं.

पेटीशी त्याची हळूहळू गट्टी जमली. सकाळचा चहा, रात्रीची पेज, दुपारी अंजनाबाईचं कालवण गरम करायचं. भातसुद्धा जमायला लागला. एकदा त्याने आत सुका बोंबील भाजला. याला काहीच कळलं नाही, आळीला मात्र पार टोकापर्यंत कळलं. अंजनाबाई भिंतीपलीकडून ओरडली, "भावजी, बोंबील सुकवायची वलांडी घरातच उभी केलीस कं रं?"

काम झालं की धर्मा पेटी धुवायचाही मन लावून. पण कशाने? तारेच्या घासणीने. होडीचा तळ जसा शेवाळ निघेस्तोवर घासतात तसा. आतला गुळगुळीत पांढरा रंग तो, किती दिवस टिकणार? एका कोपऱ्यात पापुद्रा सुटला. मढची खारी हवा तर टपूनच बसलेली. पापुद्र्याखाली तांबूस गंज धरला, आणि एका सकाळी चहा गरम होत असताना त्या कोपऱ्यात चट् करून ठिणगी उडाली.

धर्माने पेटी बंद केली आणि खाली बसून आत पाहिलं. कृणाल रविवारी यायचा. आला की आधी पेटी उघडून बघायचा, डॉक्टर जीभ बघतो तसा.

पण गंज बघून धर्मा घाबरला म्हणाल तर तसं नाही. उलट बऱ्याच दिवसांनी त्याच्या तोंडावर तकाकी आली. लोखंड, खारी हवा, गंज! अहो, यात तर त्याचा जन्म गेला. ज्या पेटीपुढे तो इतके दिवस शाळेतल्या पोरासारखा बटणं वाचत उभा राहायचा, ती पेटी आज त्याच्या वर्गात येऊन बसली होती.

त्याने प्लग काढला. काचेची थाळी काढून बाजूला ठेवली. पॉलिश पेपरने गंज घासला, फडक्याने पुसलं. मग माळ्यावरचे डबे खाली घेतले. होडीच्या केबिनच्या कठड्याला लावलेला चंदेरी रंग अर्धा डबा उरला होता. खाऱ्या पाण्यात लोखंडाला चंदेरीसारखं चिलखत नाही, हे मढमधलं शेंबडं पोरही सांगेल. धर्माने नुसत्या कोपऱ्याला कशाला लावायचा म्हणून चारही भिंती, छत आणि तळ रंगवून काढला. उजव्या भिंतीवर पुठ्ठ्यासारखा एक तुकडा होता, तोही सोडला नाही. एक हात, वाळला की दुसरा हात. आत बघितलं तर देवाचा गाभारा वाटावा.

दुसऱ्या दिवशी बोट लावून पाहिलं. बोटाला काही लागलं नाही. आता होडीला रंग दिला की ती तशीच कुणी पाण्यात लोटत नाही. आधी हळद-कुंकू, नारळ, मग दर्या. धर्माने पेटीच्या दाराला कुंकवाचं बोट लावलं, बाहेर पायरीवर नारळ फोडला आणि आत कालच्या भाताची वाटी ठेवली. नारळाचा आवाज ऐकून अंजनाबाई दारात आली.

"कं रं भावजी, कसली पूजा?"

"पेटीची. बघ कशी केलीय ती."

त्याने बटण दाबलं.

त्यानंतर जे झालं त्याला दिवाळी म्हणावं की दर्यातली वीज, हे आळीत अजून ठरलेलं नाही. चारही भिंतींतून चटचट, कडकड, निळ्या-पिवळ्या ठिणग्या. धर्मा "आरं आरं" करत दोन्ही हात पुढे करून उभा, जसा काही उधळलेला बैलच थोपवतोय. अंजनाबाईने पुढे होऊन भिंतीवरचं बटण बंद केलं.

पेटी शांत झाली. भाताची वाटी आत तशीच होती.

"जल्लं तुजं डोकं!" अंजनाबाई म्हणाली. "आत कं फटाके रंगवलंस?"

धर्मा स्टुलावर बसला. मग म्हणाला, "वैनी, कृणालला सांगू नको. तो मना घेऊन जाईल."

अंजनाबाईच्या तोंडाचा पट्टा अशा वेळी थांबत नाही, पण तेव्हा थांबला. तिने पायरीवरची नारळाची भकलं उचलली आणि म्हणाली, "मालाडला मार्केटच्या मागं तो अल्पेश बसतो. माझा मिक्सर तोच करतो. उद्या जा त्याच्याकडं. खोटं बोलू नको, काय केलंस ते सगलं सांग."

दुसऱ्या दिवशी धर्मा मालाडच्या बसमध्ये बसला. आपलाच मुलगा-सून ज्या गावात राहतात तिथे हा टोपी डोळ्यांवर ओढून चोरासारखा उतरला. अल्पेशचं दुकान म्हणजे उघड्या पोटाच्या मिक्सर-पंख्यांचा दवाखाना. धर्माने सगळं सांगितलं. अल्पेशने हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

"चांदी लावली? आतून? पूर्ण?"

"दोन हात."

"काका, भारी आहात तुम्ही!" अल्पेश हसायला लागला तो थांबेना. मग डोळे पुसून म्हणाला, "त्या चंदेरीत धातूची भुकटी असते ना. आतली लहर तिला आपटते, मग चटचट होणारच. आणि बाजूचा तो पुठ्ठा? त्याला तर नाही ना लावला?"

धर्मा शेजारच्या पंख्याकडे बघायला लागला.

"लावला," अल्पेशनेच उत्तर देऊन टाकलं. "झकास. तो अभ्रक आहे, नवीन देतो. आणि हा घ्या, मायक्रोवेव्हच्या आत लावायचाच रंग. ती चांदी सगळी घासून काढायची, एक ठिपका ठेवायचा नाही. घासताना पत्र्याला कुठे भोक दिसलं, तर रंगबिंग विसरा, पेटी भंगारात. भोक नसेल तर पातळ हात द्या. दार उघडं ठेवून सुकवा. वास पूर्ण गेला की एक कप पाणी गरम करून बघा. पाण्याला वास आला तर ओतून द्या, अजून थांबा. वास असेपर्यंत आत खायचं काही ठेवायचं नाही. बस, नाकाचं काम आहे."

धर्मा पिशवी घेऊन निघाला. सगळं जमण्यासारखं होतं. घासायचं तर घासू, पातळ हात तर त्याच्याइतका पातळ हात कुणाचा नाही. पण शेवटचं वाक्य त्याच्या डोक्यात मढ येईपर्यंत बसच्या खिडकीसारखं खडखडत राहिलं.

चंदेरी घासून काढणं म्हणजे स्वतःच्याच हाताशी कुस्ती. दोन दिवस त्यात गेले. धर्माचा रंग असा सहजी सुटत नाही, याचा त्याला अभिमानही वाटत होता आणि रागही येत होता. खालचा पत्रा धड निघाला, भोक नव्हतं. मग त्याने पांढरा रंग दिला, कोपऱ्यांत ब्रशच्या दोन केसांनी, श्वास धरून. नवा अभ्रक त्याच्या जागी बसवला. दार उघडं ठेवलं. जेवण तेवढे दिवस अंजनाबाईकडे.

शनिवारी त्याने बोट लावून पाहिलं. सुकलं होतं. डोळ्याला सुकलं, बोटाला सुकलं. तो पेटीत डोकं घालून जोराने श्वास घेऊ लागला. एकदा, दोनदा. काही नाही. काही नाही म्हणजे वास गेला, की वास आहे आणि आपल्याला नाही? अख्ख्या गावाला त्याने सांगितलं होतं की नाक आलं. आता कुणाला विचारायचं?

डोकं बाहेर काढलं तर दारात अंजनाबाई.

"वैनी," धर्मा म्हणाला, "जरा इथं येऊन वास घे."

"का? तुजं नाक तर आलंय."

धर्माने खाली बघितलं. "नाय आलं."

"मना ठाव हाय." अंजनाबाई पदराला हात पुसत पुढे आली. "मागल्या साली तुज्या पुतण्याने खताच्या कुटीची कुजकी मासली ओसरीखाली ठेवली व्हती, सगल्या बायका नाकाला पदर लावून जात व्हत्या, आनि तू तिथंच बसून वडापाव खात व्हतास. नाक आलेला मानूस तिथं बसतो?"

"मंग बोलली का नाय?"

"तू बोलशील म्हनून थांबले." तिने बोंबलाच्या टोपलीत घालते तसं नाक पेटीत घातलं, डोळे मिटले आणि मान हलवली. "हाय अजून. थोडा. मंगलवारपर्यंत उघडी ठेव."

"उद्या कृणाल येतोय."

"येऊ दे. माज्याकडं जेवा सगली."

रविवारी कृणाल आणि नेत्रा आले. कृणालने उंबऱ्यातच नाक वर केलं. "बाबा, रंगाचा वास कसला येतोय?"

धर्माने सबब तयार ठेवली होती. पुतण्याची वल्ही रंगवली म्हणून. ती जिभेपर्यंत आलीही. पण कालपासून त्याला कसं हलकं हलकं वाटत होतं, तो हलकेपणा घालवायचं जिवावर आलं. त्याने मुलाला पेटीसमोर बसवलं आणि सगळं सांगितलं. घासणी, गंज, चंदेरी, नारळ, अल्पेश. नारळाशी नेत्रा हसायला लागली. नाकाशी थांबली.

कृणाल मात्र हसला नाही. "म्हणजे नाक आलंच नाही. तू मला खोटं सांगितलंस."

"सांगितलं."

"आणि पेटी पेटली असती तर? वैनीकाकी नसती तर?"

"पन ती व्हती." धर्मा शांतपणे म्हणाला. "गॅसच्या दिवशी पन तीच व्हती. तुज्या घरी कोन असतं रं दुपारचं? तू नाय, नेत्रा नाय. दार लावलेलं. तिथं तर पाइपचा गॅस हाय. मना वास तिथं पन येनार नाय. तिथं कोन धावत येईल, सांग."

कृणालने बायकोकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघतोस?" नेत्रा म्हणाली. "समोरच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं ते मला माहीत नाही. तुला माहितीये?"

"एक कुत्रा आहे," कृणाल म्हणाला.

"मग कुत्र्याला सांग बाबांवर लक्ष ठेवायला."

अंजनाबाई दारातूनच कृणालला म्हणाली, "बावा, मी काय उद्याच मरत नाय. रोज दुपारी येते, तशी येईन. नाक घेऊनच येईन. पन याने मना खोटं सांगायचं नाय, नि तुला पन नाय. सांगितलं तर मीच बॅग भरून देईन त्याची."

कृणाल उठून पेटीपाशी गेला. आत डोकावला. बराच वेळ डोकावून राहिला. रंगाला कुठे ओघळ नव्हता, कुठे ब्रशची रेघ नव्हती. आतल्या खाचेत, जिथे बोटही जात नाही तिथे रंग नेमका पोचून थांबला होता. लहानपणी होडीखाली उताणा झोपून बापाला ब्रशचा शेवटचा हात देताना तो बघायचा, ते त्याला आठवलं असावं.

"मंगळवारी पाणी गरम करून बघायचं," तो शेवटी म्हणाला. "काकी वास घेईल. ती बरं म्हणाली तरच वापरायचं. आणि मला फोन करायचा. दोघांनी."

"म्हंजे मी हिथंच?" धर्माने विचारलं.

"हो. पण घासणी मी घेऊन जातोय."

जेवणं अंजनाबाईच्या घरी झाली. ओल्या बोंबलाचं कालवण, तांदळाची भाकरी. कृणाल नेहमीपेक्षा जास्त जेवला आणि नेहमीपेक्षा कमी बोलला. मंगळवारी पाणी तापलं, अंजनाबाईने कप नाकाशी धरला, मग चक्क एक घोट घेतला, आणि म्हणाली, "पानीच हाय." दोघांनी फोन केला. पलीकडे कृणालने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाबा, आमच्या बाल्कनीचा कठडा गंजलाय. सोसायटीवाले नुसतं करतो करतो म्हणतात. एक दिवस येशील? रंग लावायचा आणि संध्याकाळच्या बसने परत."

धर्माने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"गंज वरून हाय की खालच्या सांध्याला?" त्याने विचारलं. "नीट बघून सांग. तवर मी पॉलिश पेपर भरतो."